ऑफिसच्या ग्रुपसोबत पहिला ट्रेक करताय? किल्ला निवडण्याआधी ग्रुप बघा

पावसाच्या पहिल्या दोन-चार सरी पडल्या की ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो, "या वीकेंडला ट्रेक?" त्याखाली धुक्यात बुडालेल्या एखाद्या किल्ल्याचं रील असतं. पाच मिनिटांत बारा जणांचे अंगठे पडतात आणि प्लॅन ठरतो.

या बारा जणांत एकजण दर रविवारी सिंहगड चढणारा असतो. एकीने वर्षभरात चढलेल्या सगळ्यात जास्त पायऱ्या म्हणजे लिफ्ट बंद असताना चढलेले ऑफिसचे चार मजले. एकाला दम्याचा त्रास आहे, पण त्याने तो कुणाला सांगितलेला नाही. आणि एक जण सगळ्यांचा मॅनेजर आहे, त्यामुळे त्याच्यासमोर "मला जमत नाहीये" असं म्हणायला बाकीचे कचरतात.

ट्रेक सोपा होणार की अंगाशी येणार, हे किल्ल्याच्या नावापेक्षा या बारा जणांवर जास्त अवलंबून असतं. म्हणूनच पहिल्यांदा डोंगरात जाणाऱ्या ग्रुपने काय बघावं, कुठे जावं, कुठे जाऊ नये आणि सगळे धडधाकट घरी कसे पोचतील, हे सविस्तर समजून घेऊया.

ट्रेक, हायकिंग आणि क्लायम्बिंग: फरक काय?

बोलताना आपण सगळ्यालाच ट्रेक म्हणतो. पण ढोबळमानाने तीन प्रकार वेगळे करता येतात.

ठळक पायवाटेने किंवा पायऱ्यांनी एका दिवसात जाऊन येणं म्हणजे हायकिंग. लोहगड, सिंहगड, कर्नाळा ही याची उदाहरणं. वाट जास्त लांब, जंगलातली, चढ-उतारांची असेल, कधी मुक्कामही करावा लागत असेल, तर तो ट्रेक. आणि जिथे तोल सांभाळायला हातांचा आधार घ्यावाच लागतो, दोर, हार्नेस आणि हेल्मेट लागतं, ते क्लायम्बिंग, म्हणजेच प्रस्तरारोहण.

अडचण होते ती या तिन्हींच्या सीमेवर. पायवाट चांगली असते, पण मध्येच १०-१५ फुटांचा कातळटप्पा येतो. चढताना उत्साहाच्या भरात तो पार होतो. उतरताना मात्र पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाही आणि माणूस तिथेच थिजतो. त्यामुळे एखाद्या वाटेची माहिती काढताना "कातळटप्पा आहे का?" आणि "दोर लागतो का?" हे दोन प्रश्न आधी विचारा. यातल्या एकाचंही उत्तर "हो" असेल, तर ती जागा नवख्या ग्रुपच्या पहिल्या ट्रेकसाठी नाही.

'सोपा ट्रेक' असं खरंच काही असतं का?

इंटरनेटवर प्रत्येक किल्ल्यापुढे सोपा, मध्यम किंवा कठीण असा शिक्का असतो. पण तो शिक्का कोणत्या वाटेचा आणि कोणत्या ऋतूतला, हे बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं.

राजमाचीचं उदाहरण घ्या. लोणावळ्याकडून गेलात तर उधेवाडी या पायथ्याच्या गावापर्यंत साधारण १५ किलोमीटरची चाल आहे. वाट लांब आहे, पण मोठा चढ नाही. तीच राजमाची कर्जतच्या बाजूने, कोंदिवडे गावातून गाठायची ठरवलीत तर अंतर कमी होतं, पण सरळ घाट चढावा लागतो. किल्ला एकच, दमछाक मात्र अगदी वेगळी.

हरिश्चंद्रगडाचंही तसंच आहे. पाचनई गावातून जाणारी वाट तुलनेने सोपी, खिरेश्वरहून टोलारखिंडीची वाट लांब आणि दमवणारी, तर नळीची वाट फक्त अनुभवी लोकांसाठी. "आम्ही हरिश्चंद्रगड केला" हे तिघंही सांगतात, पण तिघांनी वेगवेगळे ट्रेक केलेले असतात.

ऋतूनेही शिक्का बदलतो. जानेवारीत सहज चढता येणाऱ्या पायऱ्यांवर जुलैत शेवाळ असतं. ऑक्टोबरमध्ये कोरडा असलेला ओढा ऑगस्टमध्ये छातीपर्यंत येऊ शकतो. एप्रिलच्या दुपारी उघड्या डोंगरधारेवर सावलीला झाडही मिळत नाही.

गर्दीचाही हिशेब धरावा लागतो. पावसाळ्यातल्या रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर लोक तासन्‌तास अडकून पडल्याचे व्हिडिओ व्हायरल झाले आहेत. शक्य असेल तर शनिवार निवडा किंवा पहाटेच चढायला लागा.

वेळेचा हिशेब कसा करायचा?

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा नियम मांडला. तो आजही जगभर वापरतात. दर ५ किलोमीटर चालीला १ तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी १ तास धरायचा.

समजा वाट ६ किलोमीटरची आहे आणि चढ ६०० मीटरचा. या नियमाने चढायला २ तास १२ मिनिटं लागतील. पण यात फोटो, पाणी पिणं, बुटाची नाडी बांधणं, "जरा बसूया" हे काहीच धरलेलं नाही. शिवाय हा नियम सराव असलेल्यांसाठी आहे. नवख्या ग्रुपने दीडपट ते दुप्पट वेळ धरावा, म्हणजे इथे साडेतीन ते साडेचार तास.

हा वेळ ठरतो ग्रुपमधल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसावरून. पुढचे चार जण तासभर आधी माथ्यावर पोचले, तरी ग्रुप पोचला असं होत नाही. उलट मागे राहिलेला माणूस एकटा पडतो, घाई करतो, चुकीच्या ढोरवाटेला लागतो. वाट चुकण्याचे आणि पाय घसरण्याचे प्रकार अशाच वेळी घडतात.

यावर डोंगरात वर्षानुवर्षं वापरला जाणारा उपाय सोपा आहे. वाट माहीत असलेला एक जण सगळ्यात पुढे असतो. एक अनुभवी माणूस सगळ्यात मागे असतो आणि त्याच्या मागे कुणीही राहत नाही. बाकी सगळे या दोघांच्या मध्ये. प्रत्येक थांब्यावर डोकी मोजायची. हळू चालणारा पोचला की लगेच निघायचं नाही, त्यालाही पाच मिनिटं बसू द्यायचं. नाहीतर सगळ्यात दमलेल्या माणसालाच विश्रांती मिळत नाही.

आणखी एक गोष्ट निघण्याआधीच ठरवा: परतीची वेळ. उदाहरणार्थ, "दुपारी १ वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचं, माथा १५ मिनिटांवर असला तरी." डिसेंबरमध्ये संध्याकाळी ६ च्या सुमारास सूर्य मावळतो आणि जंगलात त्याआधीच अंधारून येतं. पायथ्याशी शांत डोक्याने घेतलेला हा निर्णय वर घेणं फार अवघड असतं, कारण तोपर्यंत माथा दिसत असतो.

ऑफिसचा ग्रुप वेगळा का असतो?

शाळा-कॉलेजच्या मित्रांसमोर "मेलो रे, थांब जरा" म्हणायला लाज वाटत नाही. सहकाऱ्यांसमोर वाटते. छातीत धडधडतंय, डोकं गरगरतंय, गुडघा दुखतोय, तरी माणूस "ऑल गुड" म्हणत चालत राहतो. डोंगरात ही गप्प राहण्याची सवय धोकादायक ठरू शकते.

म्हणून ऑफिसचा ट्रेक ठरवणाऱ्यांनी चार गोष्टी आधीच स्पष्ट करून टाकाव्यात.

पहिली, त्या दिवसाचा लीडर हुद्द्यावरून ठरणार नाही. ज्याला डोंगराचा आणि त्या वाटेचा अनुभव आहे, त्याचा शब्द शेवटचा. मग तो इंटर्न असला तरी चालेल. मॅनेजरने हे सगळ्यांसमोर स्वतः सांगितलं, तर अर्धं काम होतं.

दुसरी, आजारांची माहिती खाजगीत घ्यायची. दमा, रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह, फिट्स, गरोदरपण, नुकतंच झालेलं ऑपरेशन, कसली ॲलर्जी हे ग्रुपवर विचारलं तर कुणी सांगत नाही. लीडरला एकट्याला सांगायची सोय ठेवा. ज्यांना असा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच निर्णय घ्यावा. औषध किंवा इनहेलर स्वतःच्या सॅकमध्ये ठेवावा आणि तो कोणत्या कप्प्यात आहे, हे दुसऱ्या एकाला दाखवून ठेवावं.

तिसरी, कुणीही, कधीही "थांबूया" म्हणू शकतो आणि त्याला कारण विचारायचं नाही. एखाद्याला मागे फिरायचं असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही, दोघांनी सोबत जायचं. हे दोघं कोण, तेही आधीच ठरवलेलं असलं की वर गेल्यावर कुणाचा विरस होत नाही.

चौथी, ट्रेक सक्तीचा नको. टीम बिल्डिंगच्या नावाखाली सगळ्यांना ओढून नेण्यापेक्षा, ज्यांना चढायचं नाही त्यांना पायथ्याच्या गावात जेवणाला सामील होता येईल असा प्लॅन करा.

आणखी एक मुद्दा बोलायचा राहून जातो, तो म्हणजे स्वच्छतागृहाचा. बहुतेक गडांवर तशी सोय नसते. त्यामुळे अनेक जणी पाणीच कमी पितात आणि त्याचा त्रास होतो. शेवटची सोय कुठे आहे हे लीडरने आधीच सांगावं, वाटेत ठरवून थांबे घ्यावेत. सॅनिटरी पॅड, टिश्यू आणि वापरलेलं परत आणायला बंद पिशवी सोबत असावी.

पहिल्या ट्रेकसाठी कुठे जाता येईल?

सिंहगड, पुणे. आतकरवाडीतून वर जाणारी पायवाट म्हणजे पुणेकरांची परीक्षा घेणारी जागा. वाटेवर वर्दळ असते, मदत मिळते, वर दही आणि पिठलं-भाकरी मिळते. एखाद्याला जमलं नाही तर माथ्यापर्यंत गाडीरस्ताही आहे. ग्रुपचा दम जोखायला यापेक्षा चांगली जागा नाही.

लोहगड, मावळ. पुणे-लोणावळा लोकलने मळवली स्टेशनला उतरून चालत जाता येतं. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओलांडत पायऱ्यांनी वर जायचं. समोर सोंडेसारखी पसरलेली विंचूकाटा माची दिसते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या १२ किल्ल्यांपैकी हा एक. जवळच भाजे लेणीही आहेत.

कोरीगड, लोणावळ्याजवळ. पेठ शहापूर गावातून पायऱ्यांची वाट आहे. वर दोन तळी आणि कोराईदेवीचं मंदिर आहे आणि तटबंदीवरून गडाला फेरी मारता येते. चढ थोडा, बघायला भरपूर.

कर्नाळा, पनवेलजवळ. मुंबईकरांना सोयीचा. पक्षी अभयारण्यातून वाट जाते. अंगठ्यासारखा दिसणारा सुळका ही त्याची खूण. सुळक्यावर मधमाश्यांची पोळी असतात, त्यामुळे तिथे आरडाओरडा नको.

देवगिरी, छत्रपती संभाजीनगर. मराठवाड्यातल्या ग्रुपसाठी उत्तम सुरुवात. अंधारी नावाच्या काळोख्या भुयारी वाटेतून जाताना हातात टॉर्च हवा. विदर्भातल्यांसाठी चिखलदऱ्याचा गाविलगड आहे.

कळसूबाई, अहिल्यानगर. उंची १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून वाट आहे. तीव्र चढावर लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. वाट ठळक असली तरी चढायला साधारण ३ ते ४ तास लागतात. त्यामुळे हा पहिला नाही, दुसरा किंवा तिसरा ट्रेक असावा.

रीलमध्ये छान दिसणाऱ्या, पण पहिल्यांदा टाळाव्यात अशा जागा

नाशिकजवळच्या हरिहरच्या पायऱ्या तुम्ही रीलमध्ये नक्की पाहिल्या असतील. कातळात कोरलेल्या, जवळपास उभ्या. रीलमध्ये न दिसणारी गोष्ट म्हणजे त्या अरुंद पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येतात तेव्हा काय होतं ती. उतरताना तोंड कातळाकडे करून, खाचांत हात घालून उतरावं लागतं. ज्याला उंचीची भीती आहे, त्याला ही भीती असल्याचं नेमकं तिथेच कळतं.

पनवेलजवळच्या कलावंतीण सुळक्याच्या पायऱ्यांना कठडा नाही. भीमाशंकरला खांडसहून जाणारा शिडी घाट पावसाळ्यात धोक्याचा आहे, त्यासाठी गणेश घाटाचा पर्याय आहे. लिंगाणा, वानरलिंगी, तैलबैला हे तर क्लायम्बिंगचेच विषय. तिथे तंत्र शिकल्याशिवाय जाऊ नये.

गोव्याच्या दूधसागर धबधब्याकडे रेल्वेरुळांवरून चालत जाणं हा ट्रेक नाही. परवानगीशिवाय रुळांवरून चालणं हा रेल्वे कायद्यानुसार गुन्हा आहे.

पावसाळ्यात काय बघायचं?

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या परिसरातल्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी अचानक वाढलं आणि बाहेर पडायला वाट उरली नाही. डोंगरात असंच होतं. तुम्ही उभे आहात तिथे ऊन असतं, पण वरच्या पठारावर कोसळलेला पाऊस काही मिनिटांत ओढ्यातून खाली येतो. पाणी एकदम गढूळ झालं, त्यातून पानं-काटक्या यायला लागल्या, आवाज वाढला, की ताबडतोब बाहेर पडून उंचावर जायचं.

वाहतं पाणी गुडघ्यापर्यंत असलं तरी धडधाकट माणसाचा पाय उचलू शकतं. ओढा फुगलेला असेल तर अलीकडे थांबा. पाऊस थांबल्यावर बहुतेक ओढे काही तासांत उतरतात.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तीही अतिवृष्टीत. म्हणून निघण्याआधी हवामान विभागाचा इशारा बघाच. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस म्हणजे 'मुसळधार', ११५.६ च्या पुढे 'अतिमुसळधार' आणि २०४.४ च्या वर 'अत्यंत मुसळधार'. जिल्ह्याला ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर ट्रेक रद्द. पैसे भरलेत, गाडी ठरली आहे, ही कारणं दरडीला कळत नाहीत.

पावसाळ्यात जिल्हाधिकारी अनेक धबधब्यांवर आणि गडांवर बंदीचे आदेश काढतात. पूर्वी हे कलम १४४ खाली व्हायचं, जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली होतं. निघायच्या आदल्या दिवशी त्या जिल्ह्याचे ताजे आदेश तपासा.

पहिल्या ट्रेकसाठी सगळ्यात चांगला काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी. हिरवाई थोडी कमी असेल, पण वाट दिसते, पाय टिकतो.

आयोजकांसोबत जात असाल तर काय विचाराल?

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं. त्यानुसार साहसी उपक्रम घेणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणं अपेक्षित आहे. इन्स्टाग्रामवर फॉलोअर किती, यापेक्षा हे प्रश्न जास्त कामाचे:

• नोंदणी आहे का?
• किती जणांमागे एक लीडर आहे? एकूण किती लोक नेणार?
• लीडर या वाटेने याआधी गेला आहे का, तेही याच ऋतूत?
• प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कुणी घेतलं आहे?
• कुणी जखमी झालं तर खाली कसं आणणार आणि जवळचं हॉस्पिटल कोणतं?
• हवामान बिघडलं तर ट्रेक रद्द होतो का? पैशांचं काय?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "काही होत नाही, आपण जातोच" असं आलं, तर दुसरा आयोजक शोधा.

सॅकमध्ये काय हवं?

एका दिवसासाठी प्रत्येकी ३ लिटर पाणी धरा, उन्हाळ्यात त्याहून जास्त. ओआरएसची पाकिटं ठेवा. ती नसतील तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलं की काम भागतं. चमचा चहाचा.

खायला ठेपले, पोळीचा रोल, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, केळी. वेफर्स कितीही नेले तरी चढताना त्यांनी ताकद येत नाही.

बुटाच्या तळाला खोल खाचा असाव्यात. गुळगुळीत झालेले जिमचे बूट ओल्या कातळावर घसरतात. नवे बूट असतील तर आधी आठवडाभर वापरा. पायाच्या बोटांची नखं कापा, नाहीतर उतरताना ती बुटावर आपटून काळीनिळी होतात. जीन्स भिजली की जड होते आणि लवकर वाळत नाही, साधी ट्रॅक पँट बरी. पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, रेनकोट, एक कोरडा कपड्यांचा जोड प्लास्टिकच्या पिशवीत, शिट्टी, टॉर्च आणि पॉवर बँक. टॉर्च दिवसाच्या ट्रेकलाही हवा, कारण उशीर कुणी ठरवून करत नाही.

दोन्ही हात मोकळे राहतील अशीच बॅग घ्या. खांद्याला लटकणारी पर्स किंवा हातात पिशवी नको.

तयारी किती दिवस आधी करायची?

तीन-चार आठवडे पुरेसे आहेत. आठवड्यातून तीन-चार दिवस ४० मिनिटं झपझप चाला. सोसायटीचे किंवा ऑफिसचे जिने चढा आणि उतराही, कारण गुडघ्यांची परीक्षा उतरताना होते. शेवटच्या आठवड्यात पाठीवर ४-५ किलोची सॅक घेऊन जिने चढा. सगळ्या ग्रुपने एका रविवारी मिळून एखादी टेकडी चढली, तर कोण कुठे दमतं हेही कळतं. आदल्या रात्री दारू नको. शरीरातलं पाणी कमी होतं, झोप नीट लागत नाही आणि सकाळी चढाला दोन्ही जाणवतं.

काही झालंच तर?

निघण्याआधी घरच्या एका माणसाला पायथ्याचं गाव, कोणती वाट आणि परत यायची वेळ लिहून पाठवा. अनेक गडांवर नेटवर्क नसतं, म्हणून नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा.

कुणी पडलं आणि डोक्याला, मानेला किंवा पाठीला मार लागला असेल, तर घाईने उचलू नका. त्याला ऊब द्या, ११२ ला फोन करा, रुग्णवाहिकेसाठी १०८. सांगताना पायथ्याचं गाव, वाट, जवळची खूण, जखमीची अवस्था आणि सोबत किती लोक आहेत एवढं नेमकं सांगा.

साप चावला तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, करकचून बांधायचं नाही. माणसाला शांत ठेवा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका आणि लवकरात लवकर हॉस्पिटल गाठा. विषावर उतारा तिथेच मिळतो. मधमाश्या उठल्या तर तोंड झाकून तिथून लांब पळा. त्या उठूच नयेत म्हणून परफ्यूम, धूर आणि गोंगाट टाळा.

लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, खोपोलीची यशवंती हायकर्स अशा संस्थांचे कार्यकर्ते दऱ्यांत उतरून लोकांना बाहेर काढतात. ही माणसं आपापलं काम सांभाळून स्वयंसेवक म्हणून येतात. फोन केल्यावर त्यांना पायथ्याला पोचायला, मग चढून वर यायला आणि स्ट्रेचर खांद्यावरून उतरवायला कित्येक तास लागतात. तोपर्यंत जखमीला जगवणं ग्रुपच्याच हातात असतं.

परतीच्या प्रवासाचं काय?

ट्रेक संपला म्हणजे धोका संपला असं नाही. शुक्रवारी ऑफिस करून रात्री निघायचं, पहाटे चढायचं आणि दुपारी त्यातल्याच एकाने गाडी चालवत परतायचं, हा प्लॅन अनेक ग्रुप करतात. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची एकाग्रता रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी खालावते, असं संशोधकांनी मोजलं आहे. भारतात गाडी चालवण्यासाठीची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे एक थेंबही न पिता तुमचा ड्रायव्हर त्या मर्यादेपलीकडे गेलेला असू शकतो.

यावर उपाय आहेत. गाडी चालवणारा वेगळा ठेवा, एसटी किंवा लोकलने जा, नाहीतर गावात दोन तास झोप काढून निघा.

गडावर आणि गावात कसं वागायचं?

पायथ्याच्या अनेक घरांत जेवणाची सोय होते. आदल्या दिवशी फोन करून संख्या सांगा आणि ठरलेले पैसे घासाघीस न करता द्या. गावातला वाटाड्या सोबत घेतला तर वाट चुकत नाही आणि गावात चार पैसे जातात. कुणाच्या अंगणात, शेतात शिरताना विचारा. मोठ्याने गाणी लावू नका.

संरक्षित स्मारकावर नावं कोरणं, दगड पाडणं हा कायद्याने गुन्हा आहे. केंद्राच्या अखत्यारीतली स्मारकं सूर्योदय ते सूर्यास्त एवढाच वेळ खुली असतात, त्यामुळे मुक्काम करायचा असेल तर परवानगी आहे का ते आधी विचारा. टाक्यात पाय बुडवू नका, ते पिण्याचं पाणी असू शकतं. कचरा सगळा परत खाली.

पहिला ट्रेक झाला, आता पुढे?

सिंहगड किंवा लोहगड नीट जमला तर राजमाची. मग कळसूबाई, मग पाचनईतून हरिश्चंद्रगड. या क्रमाने वर्षभरात ग्रुप चांगला तयार होतो.

क्लायम्बिंग शिकायचं असेल तर आधी कृत्रिम भिंतीवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीत सुरुवात करा. तिथे दोर वरून बांधलेला असतो, त्यामुळे हात सुटला तरी माणूस फार खाली जात नाही. वीकेंडला होणाऱ्या रॅपलिंगला जातानाही हेल्मेट, हार्नेस आणि गाठ दुसऱ्या माणसाने तपासली आहे का, हे बघितल्याशिवाय कड्यावरून पाय सोडू नका. पुढे जायचं असेल तर दार्जिलिंगची १९५४ मध्ये सुरू झालेली हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट आणि उत्तरकाशीची १९६५ मधली नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंग इथे बेसिक कोर्स करता येतो.

हिमालयातला पहिला ट्रेक म्हणून अनेक जण केदारकंठा निवडतात. त्याची उंची सुमारे ३,८०० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. साधारण २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो आणि तो फिट माणसालाही होतो. ३,००० मीटरच्या पुढे रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा सर्वसाधारण सल्ला आहे. डोकेदुखी, मळमळ, तोल जाणं अशी लक्षणं वाढत गेली तर उपाय एकच, खाली उतरणं.

तिथेही "मला बरं वाटत नाहीये" हे वाक्य वेळेत बोललं जाणं सगळ्यात महत्त्वाचं असतं. ज्या ग्रुपला सिंहगडाच्या चढावर हे बोलायची आणि ऐकायची सवय लागली, तो ग्रुप हिमालयात जायला तयार आहे.